मी मुख्यालयीच आहे

फोन लावला की आधी कुकरची शिट्टी ऐकू यायची, मग भाऊसाहेबांचा आवाज.

"बोला. मी मुख्यालयीच आहे."

दुसरी शिट्टी झाली की आवाज जरा मोकळा व्हायचा. म्हणजे भाऊसाहेब स्वयंपाकघरातून बाल्कनीत आले. मग खालून भाजीवाल्याची हाळी यायची, स्कूटरचा हॉर्न यायचा, आणि शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी "काका, पाणी आलं का?" असं विचारायचं. एवढं सगळं कानावर पडूनही आपण "बरं बरं, असू द्या" म्हणायचं, अशी आमच्या गावाची रीत होती. कारण मुख्यालय म्हणजे आमचं गाव, माण तालुक्याच्या पार कडेचं. आणि आमच्या गावात भाजीवाला हाळी देत फिरत नाही. भाजी आठवड्याच्या बाजारादिवशी येते. भाऊसाहेबही त्याच दिवशी यायचे.

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मध्यंतरी सरकारनं त्या पदाचं नाव बदललं, पाटीवर नवीन रंगवलंही, पण लोकांच्या तोंडात बदल झाला नाही. एक भाऊसाहेब गेले की दुसरे भाऊसाहेब येतात. त्यामुळं मी या गृहस्थांचं नाव सांगितलं नाही तरी तुमचं काही अडणार नाही. तुमच्याही गावात एक असतील. फोन लावून बघा आणि शिट्टी ऐका.

सरकारी नियम असा की ग्रामसेवकानं मुख्यालयी राहावं. ज्या गावाचा कारभार, त्याच गावात मुक्काम. तो राहतो याचा ठराव ग्रामसभेनं करायचा, मग त्याला घरभाड्याचा भत्ता. भाऊसाहेबांनी त्यासाठी दूध डेअरीशेजारी एक खोली घेतलेली होती. खोलीला कुलूप होतं, कुलपावर गंज होता, आणि उंबऱ्यावर डेअरीवाल्याची एक कोंबडी अंडी घालायची. दर वर्षी ग्रामसभेत ठराव यायचा, "भाऊसाहेब मुख्यालयी राहतात." हात वर व्हायचे. एकदा एकानं मागून विचारलं, "ऱ्हात्यात त्ये दिसत का न्हाईत?" तर सरपंच म्हणाले, "वारं दिसतंय का? पर हाय का न्हाई?" ठराव मंजूर झाला. भाऊसाहेब त्या ग्रामसभेलाही फोनवरूनच हजर होते.

राहायचे ते साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बायको, कुकर आणि बाल्कनी.

आता माझं. माझं माहेर आटपाडीकडचं, सासर माणातलं. मधे जिल्ह्याची हद्द आणि एक ओढा, तोही कोरडा. वडील मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने घाटाखाली. बी.कॉम. मी सांगलीत राहून केलं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आताही सांगितलं. वडिलांनी माझ्या डिग्रीची पाटी मेंढरांच्या वाड्याला लावली असती, पण वाडा रोज हलतो.

नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. दवाखान्यांची बिलं तपासायची आणि विमा द्यायचा की नाही त्याचा शेरा मारायचा. काचेची इमारत, गार हवा, गळ्यात ओळखपत्र. लग्नानंतरही मी ती सोडली नाही. मग कोरोना आला आणि कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं, लॅपटॉप देऊन. मी सासरी आले. घरात रेंज नाही. गच्चीवर एक कांडी यायची, तीही वारा असेल तर. गावात खात्रीचं इंटरनेट एकाच जागी होतं, ग्रामपंचायतीत. सरकारनं मोठ्या हौसेनं वायर टाकलेली, छतावर सोलर, खाली बॅटरी. सगळी सोय होती, वापरणारा तेवढा नव्हता.

मी भाऊसाहेबांना फोन केला.

"तुझं काम खाजगी, माझी जागा सरकारी," ते म्हणाले. "कसं जमायचं?"

"जागा रिकामीच असते, भाऊसाहेब."

पलीकडं शिट्टी झाली. "रिकामी कशी? मी मुख्यालयीच आहे." मग जरा थांबून, "बस. पण माझ्या खुर्चीत नको. आणि कुणी आलं तर सांगायचं, भाऊसाहेब फिरतीवर आहेत."

असा आमचा करार झाला. सरकारी माणूस घरात आणि खाजगी माणूस सरकारी कचेरीत. देशात तेव्हा घरून काम हा नवा शोध म्हणून गाजत होता. पेपरात लेख यायचे, घरून काम कसं करावं, पाठ कशी ताठ ठेवावी. मला हसू यायचं. आमच्या भाऊसाहेबांचा त्यात इतक्या वर्षांचा अनुभव होता, त्यांना कुणी दोन शब्द लिहायला सांगितलं नाही.

फिरती हा शब्द मला तेव्हापासून फार आवडतो. खाजगीत असा शब्द नाही. आमच्या लॅपटॉपवर नावापुढं एक हिरवा ठिपका असतो. जरा हात थांबला की तो पिवळा होतो आणि पुण्याहून टीम लीडरचा निरोप येतो, "आहेस ना?" पोरीला शी लागली म्हणून उठले तर ठिपका पिवळा. भाऊसाहेबांचा हिरवा ठिपका म्हणजे खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल. सरकारी खुर्चीवर टॉवेल टाकलेला असला की साहेब आताच उठून गेले असं वाटतं. ग्रामपंचायतीचे शिपाईमामा तो दर शनिवारी धुवून, वाळवून पुन्हा तसाच टाकायचे. मी एकदा विचारलं, मामा, वापरत कुणी नाही तर धुता कशाला. तर म्हणाले, "आगं, न वापरता बी पिवळा पडतोय."

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. काम अडवायचे नाहीत. शिपाईमामा म्हणायचे, अडवायला आधी यायला लागतं. पण खरंच, कुणाचा जन्माचा दाखला, कुणाचा घराचा उतारा, फोनवर सांगितलं की बाजारादिवशी सही होऊन हातात. चहा घेतला तर स्वतःचे पैसे द्यायचे. फक्त त्यांना आमच्या गावाचं पाणी सोसत नव्हतं, ऊन सोसत नव्हतं, आणि वहिनींच्या हातचं सोडून जेवण जात नव्हतं. या तीन अडचणी सोडल्या तर मुख्यालयी राहायला त्यांची काही हरकत नव्हती.

एकदा खालच्या वस्तीवरची एक म्हातारी हयातीच्या दाखल्याला आली. पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे, असा तो दाखला. तो देताना माणूस अधिकाऱ्यासमोर पाहिजे. म्हातारी काठी टेकत उन्हातून आलेली, बाजार चार दिवसांवर. पुन्हा कुठं यायला लावायचं म्हणून मी भाऊसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"आजी," भाऊसाहेब बनियनवर होते, बनियनवर सरकारी आवाज, "नियमानं विचारतो. तुम्ही हयात आहात का?"

"मी हाय हितंच," म्हातारी म्हणाली. "तू कुटं हायस?"

"मी मुख्यालयीच आहे, आजी."

म्हातारीनं फोनच्या मागं जाऊन बघितलं, मग टॉवेल टाकलेल्या खुर्चीकडं बघितलं. "मंग मीच मेली आसंन," म्हणाली आणि बाकावर बसली.

भाऊसाहेब इतके हसले की पलीकडून वहिनी धावत आल्या. दाखला त्यांनी बाजारादिवशी दिला, स्वतः वस्तीवर जाऊन. म्हातारीनं त्यांना ताक पाजलं आणि हाताला चिमटा काढून बघितला म्हणे.

माझे वडीलही एकदा मेंढरं घेऊन आमच्या शिवारातून जाताना कचेरीत आले. लेक सरकारी कचेरीत बसून पुण्याची नोकरी करते, हे त्यांना बघायचं होतं. लॅपटॉपकडं बघितलं न बघितलं आणि समोरच्या खुर्चीवर त्यांची नजर गेली. "ह्या खुर्चीत कोन आसतं?" मी म्हटलं, भाऊसाहेब, फिरतीवर आहेत. वडील म्हणाले, "आमची मेंढरं बी फिरतीवर आसत्यात. पर त्यांची लोकर दिसती."

हे मी पुढच्या बाजारादिवशी भाऊसाहेबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी टॉवेलवर हात फिरवला आणि म्हणाले, "ही काय, दिसतीय की."

मग सरकारला जाग आली. तालुक्याहून आदेश निघाला की आता हजेरी मोबाइलच्या ॲपवर. रोज सकाळी आणि संध्याकाळी चेहरा दाखवायचा, आणि तोही कचेरीच्या आवारातूनच. बाहेर असलात तर ॲप घेत नाही. गावात आनंदीआनंद झाला. आता भाऊसाहेब रोज दिसणार म्हणून शिपाईमामांनी माठ घासला. डेअरीवाल्यानं कोंबडी हलवली.

भाऊसाहेब आले नाहीत. आणि तरीही त्यांची हजेरी रोज लागत होती. शंभर टक्के. तालुक्याच्या बैठकीत त्यांचं नाव वाचून दाखवलं, नारळ आणि शाल दिली.

त्याचं असं झालं होतं. ॲप सुरू करताना प्रत्येकानं एकदाच कचेरीची जागा नोंदवायची होती. सूचना होती, "आपल्या मुख्यालयी उभे राहून बटण दाबावे." भाऊसाहेब बाल्कनीत उभे राहिले आणि बटण दाबलं. मला त्यांनी शपथेवर सांगितलं की यात लबाडी नव्हती. इतकी वर्षं ते त्या बाल्कनीतून मुख्यालयीच आहे म्हणत आले होते. सूचना वाचली आणि पाय आपोआप तिकडं गेले. ॲपनं तक्रार केली नाही. त्या दिवसापासून सरकारच्या नकाशात आमची ग्रामपंचायत साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर गेली, कुंड्यांच्या आणि तुळशीच्या मधे.

बाजारादिवशी ते बाल्कनीत सकाळचा चेहरा दाखवून निघायचे, दुपारी गावात पोचायचे, सह्या करायचे, आणि संध्याकाळचा चेहरा दाखवायला वेळेत परत. "ॲपमुळं गावात थांबायला मिळत नाही बघ," मला म्हणायचे. तक्रार अगदी मनापासून असायची.

मला ते सगळं बघून राग यायचा का? यायचा. खरं सांगायचं तर लय यायचा. कारण तोपर्यंत माझ्या कंपनीनं पत्र काढलं होतं. आठवड्यातून तीन दिवस पुण्याला ऑफिसात. एकत्र बसल्यानं आपुलकी वाढते, असं त्यात लिहिलेलं. जमत नसेल त्यांनी आपला निर्णय कळवावा. निर्णय म्हणजे राजीनामा, पण कंपन्यांना तो शब्द स्वतः उच्चारायला आवडत नाही.

आमच्या घरात त्या पत्राचा अर्थ लगेच लागला. आमचे मालक टेम्पोवर ड्रायव्हर, आठवड्यातून दोन रात्री घरी. सासूबाई म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊन करतीस तवर कर, माजं काय म्हननं न्हाई. पर पोरीला घिऊन पुन्यात येकटी, आसं न्हाई हुयाचं." रागानं नाही, साध्या आवाजात म्हणाल्या. साध्या आवाजातल्या गोष्टी आमच्याकडे बदलत नाहीत. म्हणजे पुण्याला बोलावलं की नोकरी संपली. सांगलीच्या होस्टेलात वाळलेली भाकरी पाण्यात भिजवून खाल्लेली आणि डिग्री घेतलेली मी, मी परत कुणाची तरी सून तेवढी उरणार. नियम न पाळणाऱ्याला नारळ आणि शाल, आणि ठिपका पिवळा पडू न देणारीला पत्र.

पत्रात खाली बारीक अक्षरात एक वाट होती. लांब राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ऑफिससारखी जागा असेल, वीज आणि इंटरनेट खात्रीचं असेल, तर सूट मिळू शकते. जागेची तपासणी व्हिडिओवर होईल. जागेचा जबाबदार अधिकारी त्या वेळी स्वतः समोर पाहिजे. माझ्या तपासणीची वेळ आली सोमवारी सकाळी दहा.

सोमवार आमचा बाजार नाही. आणि सकाळी दहाला भाऊसाहेब बाल्कनीत असतात.

फोन लावताना मी मनात सगळी भांडणं तयार ठेवली होती. शिट्टी झाली. ते म्हणाले, बोल, मी मुख्यालयीच आहे. मी सगळं सांगितलं. बाल्कनीतून खालची स्कूटर गेलेली ऐकू आली.

"दहाला तिथं असायचं म्हणजे सातची एसटी," ते म्हणाले. "ॲप तर पावणेदहाशिवाय उघडत नाही."

"म्हणजे तुमची गैरहजेरी लागणार."

"लागणार." मग वहिनींना हाक मारून "सोमवारी डबा लागेल" म्हणाले, आणि मला, "इतकी वर्षं तू माझी हजेरी लावलीस. एक दिवस मी तुझी लावतो."

सोमवारी भाऊसाहेब पहिल्यांदा वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस, हातात वहिनींनी दिलेला डबा. शिपाईमामांनी कुलूप काढायच्या आधीच ते पायरीवर उभे होते, आणि मामांनी त्यांना आधी ओळखलं नाही. "कोन पायजे?" म्हणाले. सकाळच्या उन्हात त्यांना कुणी बघितलेलंच नव्हतं.

दहाला पुण्याच्या मॅडम पडद्यावर आल्या. ऑफिसात परत या म्हणून पत्र काढणाऱ्या त्याच. मागं काचेची उंच इमारत, झाडं, कॉफीचा कप. नीट बघितलं तर मॅडम मान हलवतील तसा त्यांचा कान इमारतीत बुडत होता आणि परत वर येत होता. म्हणजे मागचं सगळं चित्र होतं. मी लॅपटॉप फिरवून कचेरी दाखवली. भिंत, बॅटरी, वायर, माझा बाक. मग भाऊसाहेबांकडं वळवला. ते टॉवेलच्या खुर्चीत ताठ बसले होते, फोटोला बसतात तसे.

मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही रोज इथं असता?"

शिपाईमामांनी खिडकीबाहेर बघितलं. मी जमिनीकडं.

"मी मुख्यालयीच असतो," भाऊसाहेब म्हणाले. खोटं बोलताना ते कधीच अडखळायचे नाहीत, त्या दिवशी जरा अडखळले. मग म्हणाले, "आणि ही मुलगी माझ्या आधी येते आणि माझ्यानंतर जाते. एक दिवस चुकलेलं मला माहीत नाही."

विचार करून बघा, यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी झाली. कुकरची. मी सवयीनं भाऊसाहेबांकडं बघितलं, पण ते तर समोर. शिट्टी पुण्यातून आली होती. मॅडमच्या काचेच्या इमारतीतून एक लहान हात बाहेर आला, त्यानं मॅडमची बाही ओढली आणि परत इमारतीत गेला. दुसरी शिट्टी झाली.

भाऊसाहेबांचा चेहरा एकदम खुलला. परदेशात गाववाला भेटावा तसा. ते पुढं वाकले आणि अतिशय आदरानं म्हणाले, "मॅडम, आपणही मुख्यालयीच का?"

मॅडम म्हणाल्या, "येस सर, ऑफकोर्स." आणि माझी सूट संध्याकाळपर्यंत मंजूर झाली. दर तीन महिन्यांनी फेरविचार होईल असं लिहून. होऊ दे.

मॅडम गेल्यावर भाऊसाहेब फोन घेऊन दारात उभे राहिले. ॲप उघडलं, चेहरा दाखवला. ॲप म्हणालं, आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात. त्यांनी पुन्हा दाखवला. मग ग्रामपंचायतीच्या पाटीखाली उभे राहून दाखवला, पाटी मागं दिसेल असा. ॲप म्हणालं, आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात.

"आवं भाऊसाहेब, ही नाटकं कशाला," शिपाईमामा म्हणाले. "आजची रजा टाका की."

"रजा?" भाऊसाहेब म्हणाले. "मी हजर आहे, मामा."

दुपारी आम्ही तिघांनी त्यांचा डबा खाल्ला. फ्लॉवरची भाजी, गार झालेली. डेअरीशेजारची खोली बघून यावी म्हणाले. गंजलं कुलूप उघडलं नाही. परत आले आणि संध्याकाळपर्यंत सह्या करत बसले. ज्यांना काही काम नव्हतं तेही, सरपंचसुद्धा, दारातून डोकावून गेले, बघायला.

आठवड्यानं नोटीस आली. सोमवारी मुख्यालयी विनापरवानगी गैरहजर का, याची कारणं दाखवा. असल्या नोटिशीला उत्तर काय द्यायचं हे सरकारी नोकरीत पहिल्या महिन्यात शिकवतात. पोट बिघडलं होतं. सासरे वारले होते. एका माणसाचे सासरे असे चार वेळा वारलेले मामांनी बघितले होते. भाऊसाहेबांनाही ते येत होतं. आदल्या वर्षापर्यंत त्यांनी याहून मोठी उत्तरं दिली होती.

या वेळी त्यांनी खरं लिहिलं. की सोमवारी मी सकाळी दहाच्या आधीपासून कचेरीत होतो. शिपाई साक्षीला आहे, सरपंच साक्षीला आहेत, पुण्याच्या कंपनीच्या मॅडमनी व्हिडिओवर बघितलं आहे. ॲप चुकीचं आहे.

सरपंच स्वतः त्यांना समजवायला फोन करत होते. मी कचेरीतच होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सरपंच म्हणाले, भाऊसाहेब, ॲप चुकीचं म्हनलं की त्ये ॲप तपासनार. तपासलं की तुमची बाल्कनी निघनार. जाऊ द्या की येक दिस.

"इतक्या वर्षांची हजेरी घ्या माझी काढून," भाऊसाहेब म्हणाले. शिट्टी वाजत होती, पण ते बाल्कनीत गेले नाहीत. "ज्या दिवशी मी खरा होतो, त्या दिवसाची गैरहजेरी मी घेणार नाही."

मी आजवर त्यांची बरीच चेष्टा केली, या लेखातही केली, आणि त्यांनी ती कमावलेली आहे. पण त्या वाक्यावर मला चेष्टा सुचली नाही. सरपंचांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "याडं हाय." मग म्हणाले, "लय उशिरा याड लागलं."

तपासणी झाली. बाल्कनी निघाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी नकाशा बघून विचारलं म्हणे, ग्रामपंचायतीत तुळस कुणी लावली. वेतनवाढ थांबली, शाल मात्र परत मागितली नाही. बदली झाली महाबळेश्वरच्या पलीकडं, डोंगराच्या पोटातल्या एका गावात. तिथं पावसात रस्ता बंद होतो आणि रेंज म्हणाल तर एका वळणावर, तीही ढग नसतील तेव्हा. म्हणजे ऊन सोसत नाही ही अडचण तरी सरकारनं दूर केली. आता भाऊसाहेब मुख्यालयी राहतात. खरंच राहतात. जाणार कुठं?

जाताना त्यांनी टॉवेल नेला नाही. मामा अजून शनिवारी धुतात.

त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या, तरुण, हुशार, म्हसवडला राहणाऱ्या. पहिल्याच दिवशी वेळेवर कचेरीत, आणि ॲप म्हणालं, आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात. जागा दुरुस्त करायचा अर्ज ॲपमध्येच होता. पण तो अर्ज मुख्यालयी उभं राहूनच भरता येतो, असा नियम. आणि अर्ज भरला तरी मंजुरी वरून यायची. ती येईपर्यंत हजेरी कुठं लावायची? तर मॅडमनी साताऱ्यात मैत्रिणीकडं मुक्काम टाकला. सकाळी भाऊसाहेबांच्या जिन्याखाली उभं राहून चेहरा दाखवायचा, मग एसटी धरून आमच्या गावाला. पाऊस असला की वहिनी त्यांना वर बोलवायच्या, चहा द्यायच्या. सरकारी कारभार एवढा घरगुती मी दुसरीकडं पाहिला नाही.

माझा पहिला फेरविचार झाला, सूट पुढं वाढली. ते भाऊसाहेबांना सांगावं म्हणून मी फोन लावला. लागला नाही. ढग असतील. दोन दिवस लावला. मग वहिनींना लावला.

त्यांनी उचलला. मी सूट वाढल्याचं सांगितलं, त्यांना बरं वाटलं. हे वळणावर येऊन आठवड्यातून एकदा बोलतात म्हणाल्या. तिथं रात्री एवढा पाऊस की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात. स्वतःच खिचडी करतात, कच्ची राहते. आम्ही बोलत राहिलो. बराच वेळ बोललो, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मग कळलं. शिट्टी झाली नव्हती.

"वहिनी, स्वयंपाक झाला का?"

"एकटीला कुकर कुठं लावायचा गं," त्या म्हणाल्या. "त्या नव्या मॅडमचा अर्ज अजून वरच अडकलाय. आत्ताच चेहरा दाखवून गेली बिचारी."

मग हसल्या, आणि हसतच म्हणाल्या, "मुख्यालय हितंच हाय, बाई. हे तेवढं न्हाईत."